माझ्या वाढदिवसाचं वऱ्हाड

मी परदेशात शिकलो, आणि त्यासाठी मला जागचं हलावंसुद्धा लागलं नाही.

झालं असं, की निजाम गेला, फौजा आल्या, फौजा गेल्या, आणि थोड्या वर्षांनी सरकारनं राज्यांची नव्यानं वाटणी केली. त्या वाटणीत आमचं गाव मुंबई राज्यात गेलं. मी मॅट्रिकसाठी बोथ या गावी होतो. बोथ आंध्रात राहिलं. मधली आठ कोसांची गाडीवाट तीच, वाटेतला नालाही तोच. पण आमच्या गणपतमामानं पारावर बसून जाहीर केलं, "आता जो जिथं हाये तो तिथला. पुढच्या खेपेले माणसं मोजतीन, तवा आपला देव्या तिकडचाच धरतीन." (गावात वाचता येणारा मामा एकटाच. त्यामुळे न छापलेल्या बातम्याही त्यालाच आधी कळत.)

माझा मुक्काम एका तेलुगू घरी होता. घरधनी निवृत्त गिरदावर, म्हणजे निजामाच्या काळात जमिनींची पाहणी-मोजणी करणारे साहेब. आमचं शेत मोजता मोजता त्यांची आणि माझ्या बाची दोस्ती झाली, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला ठेवून घेतलं. घरात ते, त्यांची बायको, जिला मी अम्मा म्हणायचो, आणि नऊ वर्षांची सरोजा. माणसं सोन्यासारखी, पण घर इतकं मुकं की भिंतीवरची पालसुद्धा दबकत चुकचुकायची. निजामाबरोबर साहेबांचं सगळं जगच गेलं होतं. दिवसभर ते ओसरीवरच्या आरामखुर्चीत पडून रस्त्याकडे बघत. अम्मांना मराठी येत नव्हती, मला तेलुगू जेवणापुरती. सकाळ-संध्याकाळ भात, त्यावर चिंचेचं पातळ चारू. ज्वारीच्या भाकरीच्या आठवणीनं मी उशीत तोंड खुपसून इतका रडायचो, की उशीतली सरकी उगवायचीच काय ती बाकी होती!

अशात सरोजाचा वाढदिवस आला, आणि ते घर एका दिवसापुरतं बोलू लागलं. अम्मा गुणगुणू लागल्या. साहेबांनी दाढी केली आणि चक्क हसले! सरोजाला तेल लावून न्हाऊ घातलं, नवा परकर नेसवला, पाटावर बसवून सगळ्यांनी डोक्यावर अक्षता टाकल्या. वर पायसम आणि उडदाचे गरम वडे, त्यांच्या भाषेत गारेलु. मी बघतच राहिलो. आमच्या गावात वय विचारतात ते फक्त बैलाचं, तेही त्याचे दात बघून.

जेवण झाल्यावर अम्मांनी सरोजामार्फत विचारलं, "याचा वाढदिवस कधी?"

खरं सांगायचं तर माझा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि पोळा होऊन तीन महिने उलटले होते. पण तेवढ्यात माझी नजर पायसमच्या पातेल्याकडे गेली. मी म्हणालो, "पुढच्या सोमवारी."

अम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईपासून दूर असलेलं पोर, म्हणून त्यांनी लगेच नवं धोतर आणवलं, उडीद निवडायला घेतले. साहेबांनी माझ्यापुढे पोस्टकार्ड ठेवलं, "घरी कळव" म्हणाले, आणि कार्ड भरेपर्यंत शेजारून हलले नाहीत. आता वाढदिवस आहे असं लिहावं, तर आईला माझा खरा दिवस पक्का ठाऊक. म्हणून मी मोठ्या हुशारीनं लिहिलं: 'येत्या सोमवारी सकाळी इथे माझा कार्यक्रम आहे. अम्मांनी नवं धोतर घेतलं आहे. गोडाचं जेवण आहे. डोक्यावर अक्षता पडतील. कापूस वेचणीचे दिवस आहेत, तरी आपण येण्याची तसदी घेऊ नये. आईला सांगू नये.'

हे कार्ड गणपतमामानं पारावर, सगळ्या गावादेखत, मोठ्यानं वाचलं.

सोमवारी सकाळी अम्मांनी मला तेल चोपडलं, वरून हळद घातलेलं मुगाचं पीठ असं चोळलं, की अंघोळीनंतरही मी पिवळाच. नव्या कपड्याच्या चारी कोपऱ्यांना हळद लावायची त्यांची रीत, म्हणून धोतरही पिवळं. दाराला आंब्याची पानं. मी पाटावर बसलो. शेजारी दुसऱ्या पाटावर सरोजा येऊन बसली, ती रेशमी परकर सावरत. (तिला कुणी बसवलं नव्हतं. पाटावरच्याला पायसम आधी मिळतं, हा तिचा अनुभव.) अम्मांनी पहिली अक्षता टाकली, आणि दाराशी बैलांची घुंगरं वाजली.

मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, की तीन गाड्या होत्या आणि पन्नास माणसं. गाडी एक होती आणि माणसं सात. पण सातांच्याही हातात काठ्या होत्या! सगळ्यांत पुढे बा. वेचणी तशीच सोडून आलेला, पागोट्याला कापूस चिकटलेला. त्यानं पिवळा मी पाहिला, पिवळं धोतर पाहिलं, डोक्यावरचे तांदूळ पाहिले आणि शेजारची पोरगी पाहिली.

"बसला," मामा मागून म्हणाला. "भाऊजी, आपन उशिरा आलो."

साहेब लगबगीनं उठले. "या, या. बरं झालं वेळेवर पोचलात. तुमच्यावाचून अडलं होतं." (म्हणजे झालंच!) अम्मांनी तर आनंदानं बाच्या हातात अक्षता भरल्या आणि माझ्या डोक्याकडे खूण केली.

बानं मूठ घट्ट मिटली.

"मूठ उघडू नका, भाऊजी," मामा कुजबुजला. "बापाच्या अक्षता पडल्या का झालं लगन."

बानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी सोसलं असतं. "काऊन रे देव्या," तो हळूच म्हणाला, "आमी मेलो होतो काय?"

बोललो तर अम्मांपुढे खोटारडा, नाही बोललो तर नवरदेव. त्यात मॅट्रिक चार महिन्यांवर. बानं याच गाडीत घालून नेलं, तर माझी शाळा इथंच संपणार, हे मला त्या पिवळ्या अवस्थेतही स्वच्छ दिसत होतं. मी पाटाकडे बघत म्हणालो, "बा, लगन नाही. माहा जलमदिस हाये."

"तुहा जलम पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा," बा म्हणाला. "दाईले आनाले मीच पळालो होतो."

अम्मांनी नवऱ्याला विचारलं, हे काय म्हणतात? साहेबांना मराठी अक्षर न् अक्षर कळत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग अम्मांना तेलुगूत म्हणाले, "ते म्हणतात, त्यांच्याकडे वाढदिवस दोनदा करतात. एकदा तिथीनं, एकदा तारखेनं."

अम्मांना ती रीत फारच आवडली. त्यांनी ताबडतोब सात पानं मांडली. काठ्या कोपऱ्यात गेल्या. मामानं अकरा गारेलु खाल्ले आणि सवयीनं बोलून गेला, "सोयरे चांगले हायेत, नाही म्हनू नये." मग हात धुताना त्याला आठवलं, की मला घेऊन जायचं आहे. पोरगं इथं राहून खोटं बोलायला शिकलं, त्याला गाडीत घाला, असं त्याचं म्हणणं.

बा अजून जेवला नव्हता. मूठ मिटलेलीच होती. "राहू दे त्याले," तो म्हणाला. "सायबानं झाकलं. मी काऊन उघडं पाडू?" आणि त्यानं माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मग पानावर बसला, दोन घास खाल्ले, आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळपर्यंत साहेब रस्त्याकडेच बघत राहिले. मी ओसरीच्या पायरीवर पिवळाच बसून होतो. शेवटी आरामखुर्चीतूनच ते म्हणाले, "उभी नोकरी मी शेतांच्या हद्दीवर दुसऱ्यांचं खोटं ऐकलं. आज पहिल्यांदा स्वतः बोललो. अभ्यास कर."

मी अभ्यास केला. देवाशपथ केला. निकाल उन्हाळ्यात लागला. गणितात पास, तेलुगूत चांगल्या मार्कांनी पास, आणि एका विषयात नापास. मराठीत! मी आठ कोस चालत घरी आलो. बा अंगणात खाट विणत बसला होता. मी उभ्या उभ्या निकाल सांगितला. त्यानं दोरीची गाठ नीट आवळली, आणि वर न बघता म्हणाला,

"मंग त्या दिशी लगनच लागू देलं असतं तं बरं झालं असतं."