खाकी कोटाची बाही

मॅडमनी माझं मनगट धरलं आणि खाकी कोटाची बाही कोपराच्या वर सरकवली. दिल्लीहून आलेले पाहुणे वाकून बघायला लागले. सुईच्या काळ्यानिळ्या खुणा.

"हीच ती. किनवटच्या जंगलातली," मॅडम म्हणाल्या. "अगदी अस्सल नमुना."

"बोलते का?" एकानं विचारलं.

"बोलते की. प्रयोगाला त्याची गरज नाही."

सगळे हसले. मीही हसले. हात माझाच होता, पण कुणीतरी टेबलावर विसरून गेल्यासारखा पडून होता.

"जा, चहा आण."

मी चहा आणायला गेले.

मॅडम म्हणजे मोठं नाव. जीन कापायचा, जोडायचा, हे काम या शहरात पहिल्यांदा त्यांनी उभं केलं. माणसाच्या रक्तातून बारीकसा तुकडा काढायचा, जंतूत घालायचा, मग तो जंतू माणसाचं औषध तयार करतो. रक्त माझं. सातवीत शाळा सुटलेली, नवऱ्यानं टाकलेली, शहराच्या कडेला धायरीत एका खोलीत राहणारी मी. मॅडमनी लॅबमध्ये बाटल्या धुवायचं काम दिलं. त्यांच्यामुळे दोन वेळा जेवते, हे विसरत नाही. म्हणून लॅबमधला पोरगा सुई घेऊन आला की मी बाही वर करायची. कशाला, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं आणि काम गेलं तर?

ट्रे घेऊन आत आले तर मॅडम त्यांची जुनी गोष्ट सांगत होत्या. परदेशातून शिकून आल्या. पहिल्याच बैठकीत थोरले शास्त्रज्ञ म्हणाले, "बाई, तेवढं चहाचं बघा." मॅडम खुर्चीवरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी इथं कशासाठी आलेय, ते आधी मला विचारा."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चहा ओतत होते. मॅडमनी माझ्याकडे न बघता कप घेतला.

राग आला नाही. रडूही नाही. आत सगळं गार. 'आधी मला विचारा', ते वाक्य तेवढं कानात राहिलं.

पुढच्या आठवड्यात पोरगा आला. "चला मावशी, बाही वर."

"नाही."

"म्हणजे? मॅडमना काय सांगू?"

"मीच सांगते."

मॅडमच्या खोलीत गेले. समोरची खुर्ची ओढली आणि बसले. त्या खोलीत कधी बसले नव्हते.

"काय गं, दमलीस?"

"मॅडम, रक्त कशाला घेता ते मला समजावून सांगा. द्यायचं का, ते मग मी ठरवीन."

"तुला कळणार आहे ते?"

"शाळा सुटली मॅडम. कान शाबूत आहेत. तुमची चहाची गोष्ट ऐकली मी."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "उपकार फार लवकर विसरतात माणसं."

"विसरले नाही. बाटल्या घासते ना."

उठले. खुर्ची होती तिथं सरकवली.

त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. काम आज आहे, उद्या नसेल. सिंकपाशी उभी राहते, बाटल्या घासते. कोटाची बाही चिंब भिजते, गार पाणी कोपरापर्यंत जातं.

तरी वर करत नाही. मला विचारल्याशिवाय ती वर होणार नाही.