आपोआप उचलणारा फोन

माझं काम म्हणजे गाडीत दोन फोन मांडून कतारभर फिरायचं आणि नेटवर्क कुठे तुटतं ते पाहायचं. एक फोन सारखा कॉल लावतो, मागच्या सीटवरचा दुसरा तो आपोआप उचलतो, स्पीकर चालू. माणसांशिवायचं हे संभाषण मला कधीच आवडलं नाही, पण आमची आवडनिवड कोण विचारतो!

गेल्या वर्षी मागच्या फोनचं सिमकार्ड खराब झालं. नवं मागवायचं तर ऑफिसात चार सह्या. मी वैतागून ड्रॉवरमधलं कुणाचं तरी परत आलेलं उचललं आणि घातलं. आम्ही सगळेच असं करतो. त्याचा नंबर पहिल्या फोनमध्ये टाकतानाही काही लक्षात आलं नाही. दिवसभर नंबरांत वावरूनही मला एकाचाही पाठ नाही.

त्या दुपारी काम आटपून मेसईदहून परतताना मागून बाईचा आवाज आला. "अहो, एसीतून परत पाणी गळतंय. त्या माणसाला दोनदा सांगितलं मी."

आवाज वहिनींचा होता. सहा वर्षं माझ्या शेजारी बसून माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवणाऱ्या जोडीदाराची बायको. तो दोन महिन्यांपूर्वी साइटवरच छातीत कळ येऊन गेला होता. सिमकार्ड त्याचं होतं.

मी घाबरलो, साफ सांगतो. ना बोललो, ना फोन बंद केला. मग रोज दुपारी, मुलीची स्कूलबस यायच्या आधी, त्या फोन करू लागल्या. रिकामा रस्ता, काचेवर ऊन, मधूनच माझा जुनाट खोकला आणि मागून त्यांचं बोलणं. सिमकार्ड बदलणं पाच मिनिटांचं काम. रोज ठरवायचो, रोज टाळायचो. खरं म्हणजे मलाही वाटू लागलं होतं, की तो मागे बसून ऐकतोय. आरशात बघणं मी सोडून दिलं.

एकदा सगळं सांगायचंच म्हणून दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागात त्यांच्या फ्लॅटवर गेलो. मुलगी सहा वर्षांची. तिला शेजाऱ्यांकडे ठेवून वहिनी गावी दिवसकार्य उरकून आल्या होत्या. पप्पा लांबच्या साइटवर आहेत, एवढंच तिला माहीत. परीक्षा झाली की दोघी कायमच्या गावी जाणार होत्या. चहा झाला, माझं तोंड काही उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा, स्कूलबस येऊन गेल्यावर, मागचा फोन उचलला गेला. "घे, बोल पप्पांशी. ते ऐकतात, फक्त बोलत नाहीत."

"पप्पा, आय गॉट अ स्टार इन मॅथ्स. व्हेन आर यू कमिंग?"

मग ती थांबली. पोर उत्तराची वाट बघत होती. मला ते सहन होईना. गाडी कडेला घेऊन मी फोन हातात घेतला.

"बाळा, मी काका बोलतोय. आईला दे."

वहिनींना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत.

"ठाऊक होतं मला, भाऊजी. तुमचा खोकला ओळखू येत नाही होय? मेलेलं माणूस फोन उचलत नाही, एवढं कळतं मला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही नुसतं हूं म्हटलं असतंत, तर आजचा दिवस तिचा निघाला असता."