सरांनी पाठ केलेला तक्ता

माझ्या हातून सरांच्या डोळ्यात एक लेन्स तिरकी बसली. मसुराच्या डाळीएवढी लेन्स, पण तिनं सरांचा क्लास बंद पाडला. हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगते.

सर म्हणजे लातूरला आम्हाला भूमिती शिकवणारे. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर पडलं. दगडाखालून काढलं तेव्हा कंबर कायमची गेली होती. मग लातूरला येऊन त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला. पुढं शहरात चार-चार मजली क्लास उभे राहिले, सरांचं शेड मात्र तसंच राहिलं. देवणीकडच्या खेड्यांतून आलेल्या माझ्यासारख्या पोरींना ते पहिल्याच दिवशी बजावायचे, "पाठ करून आणलेलं उत्तर मला लगेच कळतंय बरं का." आणि खरंच कळायचं. टेबलावर डस्टर आपटून म्हणायचे, "चल, आता हेच उलटीकडून सांग." आमची पार जिरायची.

मी नांदेडला डोळ्यांची डॉक्टरकी शिकत होते, तेव्हा सर मोतीबिंदू घेऊन आले. बुबुळालाही बाक होता, त्यामुळं एका रेषेच्या दोन दिसायच्या. "पोरी, बाकीचं जाऊ दे. मला कोन नीट दिसला पाहिजे. दिसला तर क्लास चालंल, न्हाई तर कुलूप," सर म्हणाले. त्यांच्यासाठी बाकाचा दोष काढणारी लेन्स ठरली. तसली लेन्स मी तोवर कधी बसवली नव्हती. पण सरांचा हट्ट, ऑपरेशन माझी विद्यार्थिनीच करणार. आमच्या विभागप्रमुख मॅडम शेजारी उभं राहायच्या अटीवर तयार झाल्या.

या लेन्सला दिशा असते. ती कुठल्या रेषेत बसवायची याची खूण माणसाला ताठ बसवून डोळ्यावर करतात, कारण माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत जरासा फिरतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण सर स्टुलावर बसले आणि कंबरेच्या कळेनं त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आता माझ्या सरांना मी असं ताटकळत ठेवू? मी म्हटलं, "सर, आडवे व्हा. मी तशीच खूण करते." मॅडम तेव्हा पलीकडं हात धूत होत्या. माझी माया नडली, दुसरं काय!

आठ दिवसांनी तपासणी होती. आमच्या ओपीडीत तक्त्याशेजारीच बाकडं असायचं. नंबर लागेपर्यंत पेशंट तिथं बसायचे आणि पुढचे लोक अक्षरं मोठ्यानं वाचायचे. सर तिथं तासभर बसून होते. त्यांची पाळी आली तेव्हा मॅडम माझ्या मागं उभ्या होत्या. सरांनी वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा वाचला, एकदाही अडखळले नाहीत. मॅडमनी माझी पाठ थोपटली. मी इतकी हुरळले की मशीनवर नंबर काढला नाही, की डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून आतली लेन्स बघितली नाही. गाढव कुठली! तिरकी दिसली असती तर तेव्हाच फिरवून सरळ करता आली असती. पुढं ती आत घट्ट धरते, मग हात लावणं अवघड.

त्यानंतर सर आलेच नाहीत. फोन केला की म्हणायचे, "झकास दिसतंय." सात-आठ महिन्यांनी मी लातूरला गेले, तर शेडला कुलूप. तशीच घरी गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पाणी दिलं आणि तोंड सोडलं.

"तुमचे सर लई शहाणे! बाकड्यावर बसून समदा तक्ता पाठ केला यांनी. अजून एकाच्या दोन रेषा दिसायल्यात."

पाठ करून आणलेलं उत्तर! आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलेली, एकदाही म्हटलं नाही की सर, आता उलटीकडून वाचा.

"गप की गं," सर काकूंना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुझ्या मॅडम मागं उभ्या होत्या. तसलं पहिलंच ऑपरेशन तुझं. मी अडखळलो असतो तर पुन्हा दिलं असतं का त्यांनी तुला?"

मी रडले. रागानं रडले, त्यांच्यावर आणि स्वतःवर. "सर, तुम्ही अडखळला असतात तर मी त्याच आठवड्यात ती सरळ केली असती!"

सरांचा चेहरा पडला. असं करता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं.

डोळे पुसून मी त्यांचा दुसरा डोळा तळहातानं झाकला आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. "वाचा बघू, सर."

सरांनी मान पुढं काढून डोळा बारीक केला.

"हे पाठ न्हाई गं," ते म्हणाले.