माझा धान आधी पिकला

मुंबईतल्या एका अणुसंशोधन केंद्रात काम करते असं सांगितलं, की लोक आधी जरा मागे सरकतात आणि मग वीजबिल कधी कमी होणार ते विचारतात. अणुभट्टी, दवाखान्यांना लागणारी किरणोत्सारी औषधं, परदेशी जाणाऱ्या आंब्याला द्यायचे किरण, असं बरंच काही या महानगराच्या आसपास चालतं. त्यातच आमचा बियाण्यांचा एक कोपरा आहे. गॅमा किरणांनी बियाण्यात बदल घडतात. ते पेरत, निवडत राहायचं. मी सात वर्षं चिन्नोर धान घेऊन बसले होते. सुगंध असा की शेजारी डोकावतील, पण उंच, वाऱ्यात लोळणारा आणि उशिरा पिकणारा. मी त्याला बुटका केला आणि तीन आठवडे आधी पिकायला लावला. गोंदिया जिल्ह्यात एका शेतात त्याची शेवटची चाचणी होती. ती साधली तरच काम पुढे जाणार होतं. दसरा झाला आणि मी कापणी बघायला निघाले.

विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, सकाळी गोंदियाला पोचवते. आरक्षण महिनाभर आधीच करा. स्टेशनबाहेर पोहे घेतले तर ‘चना डालूं ऊपर से?’ असं विचारतील, हो म्हणा. मी मराठीत बोलत होते आणि पोहेवाला हिंदीत, दोघांचंही काही अडलं नाही. जवळच नागऱ्याचं जुनं शिवमंदिर आहे, सवडीने जा. मला धीर नव्हता, म्हणून सरळ अर्जुनी मोरगावची बस धरली. रस्ता जंगलातला, सुरेख, फक्त मागच्या सीटवर बसू नका. मी बसले आणि दोन दिवस कंबर धरून हिंडले.

फाट्यावर यादोरावजी मोटरसायकल घेऊन उभे होते. चाचणी त्यांच्याच शेतात. पन्नाशीचे, कोहळी समाजातले. इकडचे कितीतरी तलाव याच लोकांच्या पूर्वजांनी बांधलेत. आठवडाभर फोनवर ते ‘या जी, मंग बोलू’ एवढंच म्हणत होते. तेव्हाच समजायला हवं होतं.

सगळं शिवार हिरवं होतं. मधोमध माझी बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर. आत घोटाभर पाणी आणि वर रिकाम्या लोंब्या.

“पाणी काऊन सोडलं?” त्यांचाच शब्द माझ्या तोंडून रागाने निघाला.

“मी कायले सोडू जी? साऱ्या गावानं मिळून तलावाचं तुडूम उघडलं.”

तुडूम म्हणजे तलावाचं दार. ते उघडलं की पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत जातं. वेगळा पाट नाही.

“तुमची बांधी बंद करता आली असती.”

“आली असती. मंग खालच्यायचा धान वाळला असता. तो निसवून राहिला होता.”

लोंबी बाहेर पडताना पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, हे त्यांनी मला, भातावर पीएच.डी. केलेल्या बाईला, अगदी हळूच सांगितलं. उभा ठेवावा तर शिवारात एकच पिकलेला धान, सगळे पोपट तिथेच. कापावा तर कडपा, म्हणजे कापलेला धान, पसरायला कोरडी जागा नाही. जमेल तेवढा ओला कापून ओसरीवर टाकला होता. त्याला मोड आले होते; उभा राहिला तो पोपटांनी रिकामा केला होता.

दुपारी त्यांच्या पत्नी शशिकलाताईंनी भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. भात जुन्या चिन्नोरचा. रागातसुद्धा मी दोनदा मागून घेतला.

“म्याडम, तुमी माती नेली, पानी बाटलीत भरून नेलं,” त्या म्हणाल्या. “तलाव कधी सुटते, हे इचारलं काय?”

मी विचारलं नव्हतं. लवकर पिकणं चांगलंच असतं, असं मी धरून चालले होते. इथे धान एकट्याने पिकून चालत नाही.

परत आल्यावर अहवालाचा फॉर्म पुढे आला. पीक वाया जाण्याचं कारण: रोग, कीड, हवामान, शेतकऱ्याचं दुर्लक्ष. चारच चौकोन. वरिष्ठ म्हणाले, “शेवटचा टिक कर. नवा शेतकरी घेऊ, एक वर्ष वाढवून मिळेल.” खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी त्या चौकोनाकडे बघत होते. सात वर्षं थोडी नसतात. शेवटी चारही रिकामे ठेवून खाली लिहिलं: ‘गाव तलावाचं पाणी कधी सोडतं, हे मी विचारलं नव्हतं.’ काम बंद झालं.

यादोरावजींना फोन करून सांगितलं.

“तुमचं मोठं नुसकान झालं जी,” ते म्हणाले.

हंगाम त्यांचा गेला होता. मला रडू आलं, आणि ते त्यांना ऐकू गेलं असणार.