चासीवरचं ग्रीस

आमच्या घरात बी.कॉम. झालेला मी पहिला. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे केलं ते त्याच तोऱ्यात केलं.

बाबांची सहा सीटची मिनीडोर रिक्षा होती, रोहा ते खांब चालायची. दरवर्षी ती पेणला आरटीओत पासिंगला न्यायची, आणि त्याआधी तिला रंग मारायचा. गॅरेजात स्प्रेने मारून घेणं परवडत नसे. बाबांचा धाकटा भाऊ, आमचा काका, वरसे गावातल्या घरासमोरच तिच्यावर रोलर फिरवायचा आणि कडाकोपरे ब्रशने भरायचा. कंपनीतल्या टाक्या रंगवून त्याचा हात बसला होता. कंपनीने कंत्राटी माणसं कमी केली तेव्हा तो घरी आला, तो घरीच. त्या वर्षी रोह्याच्या स्टँडवरच्या आणखी चौघांच्या गाड्या पासिंगला आल्या होत्या. ते बाबांना म्हणाले, "तुझी पास होऊ दे, मग आमच्या पण तुझ्या भावाला देतो." काकाचं सगळं त्या चार गाड्यांवर होतं.

रविवारी मी खुर्ची टाकून देखरेखीला बसलो. काका रंगात रॉकेल ओतत होता.

"डब्यावर टर्पेंटाइन लिहिलंय, काका. पण वाचता यायला पाहिजे ना."

"डबेवाल्याला कुठं मिनीडोर रंगवायचीय?"

"गाडी हाय ही, गुरांचा गोठा नाय."

कुंपणापलीकडची माणसं हसली. काकाही हसला. मला बरं वाटलं.

दुपारी तो जेवायला गेला. मी गाडीभोवती फिरलो, तर खाली चासीच्या पट्टीवर ग्रीसचा गोळा थापलेला आणि त्याच्यावरच काळा रंग मारलेला. म्हटलं, बघा, घाण तशीच ठेवून ह्याने वरून रंग मारला. मी रॉकेलच्या चिंधीने ग्रीस पुसून काढलं, पट्टी लख्ख केली आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले, चांगले जाड. संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून त्याची जिरवायची होती, पण गाडी पुरी करून तो ब्रश धुऊन कधी निघून गेला कळलंच नाही. मग राहून गेलं.

पेणला गाड्यांची रांग होती. साहेब चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात, आकडे कागदावर उमटतात. आमची पाळी आली तेव्हा काका चिंधी घेऊन खाली बसला. रंगवण्याआधी नंबरावर ग्रीस थापायचं, ते पासिंगच्या वेळी पुसायचं, म्हणजे वरचा रंग त्याच्यासोबत निघून येतो आणि आकडे स्वच्छ राहतात, अशी त्याची रीत. मला ती तिथे उभं राहून कळली. त्याने चिंधी फिरवली. काही निघालं नाही. पुन्हा जोर लावून फिरवली. मग त्याने वर माझ्याकडे बघितलं. माझ्या चपलेवर काळ्या रंगाचा थेंब सुकलेला होता. मी तो पाय मागे घेतला.

साहेबांनी पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला. काकाने घाईने स्क्रूड्रायव्हर काढला, तर साहेब म्हणाले, "खरवडू नका, खाडाखोड धरली जाईल. रंग काढून पुढच्या तारखेला आणा." आणि मागच्या गाडीकडे गेले.

"नंबरावर कोण रंग मारतो रे?" बाबा सगळ्या रांगेसमोर म्हणाले. "कंपनीनं उगाच नाय काढला तुला."

काका अजून माझ्याकडेच बघत होता.

"मी तेव्हाच सांगत होतो बाबा," मी म्हणालो, "त्याला वाचता येत नाय."

बाबांनी त्याला गाडीत घेतलं नाही. "एष्टीनं ये," म्हणाले. मी पुढे बाबांच्या बाजूला बसलो. आरशात काका दिसत होता, एका हातात वरचेवर हात मारायला आणलेला रंगाचा डबा, दुसऱ्या हातात रोलर.

स्टँडवर बाबांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. चारही गाड्या दुसरीकडे गेल्या. काका पेणजवळच्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात लागला, मूर्तींना नुसता पांढरा हात मारायला. तिथली माणसं त्याला "ओ पांढरे" अशी हाक मारत.

पुढच्या वर्षी गाडी मी रंगवली. नंबरावर ग्रीस थापलं. पेणला चिंधी फिरवली, आकडे चकचकीत. साहेबांनी एकदाच पेन्सिल घासली.

"शिकलेल्याचं डोकं बघा," बाबा रांगेतल्यांना म्हणाले. "नायतर आमचा भाऊ."

बाबा कागद घ्यायला आत गेले आणि मी गाडी बाहेर काढली. चहाच्या टपरीजवळ काका उभा होता, कोपरापर्यंत पांढरा. जवळ येऊन वाकला आणि चासीवरचं उरलेलं ग्रीस त्याने बोटावर घेतलं.

"मागल्या साली पण लावलेलं," तो म्हणाला.

"माहीत हाय."

"मला वाटलेलं, तू बोलशील."

"तुला तोंड नव्हतं काय?"

त्याने बोट पँटला पुसलं. तेवढ्यात बाबा आले.

"पास?" काकाने विचारलं.

"मग? आता घरातच शिकलेला पेंटर हाय."

काका हसला. गोठ्याचं बोललो होतो तेव्हा हसला होता, तसाच. बाबांनी गाडी चालू केली. मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या होत्या, आणि रस्ता हमरापूरवरून जात नसला तरी नाक्यापर्यंत त्याला सोडता आलं असतं. मी त्याला गाडीत बस म्हणालो नाही.