वाडी दिली, लाहूचं सांगायचं राहिलं

वरोरची चिकूवाडी विकताना हरिभाऊंनी घेणाऱ्याला इतक्या गोष्टी बजावल्या, की लेक सासरी धाडताना बापही एवढं बजावत नाही. आणि एवढं बजावूनही जे सांगायचं तेच नेमकं राहिलं.

हरिभाऊंचे, म्हणजे हरिश्चंद्र सावे यांचे, गुडघे गेले होते. मुलगा प्रितेश बोईसरच्या कंपनीत, वाडीचं नाव काढलं की त्याला फोन यायचा. शेवटी २०१५च्या दिवाळीनंतर हरिभाऊंनी घरासकट वाडी विकायला काढली. मुंबईची फार्महाऊसवाली मंडळी आली, ‘व्ह्यू छान आहे’ म्हणाली. त्यांना हरिभाऊंनी चहासुद्धा विचारला नाही. जतीन मात्र पसंत पडला. त्याच्या बापाची रानशेत गावात भातशेती, आणि आल्या आल्या त्यानं आधी माती हातात घेतली होती.

सावे मंडळींची जुनी रीत होती. जमीन देताना घेणाऱ्याला हद्दीवरून फिरवायचं आणि जे मागायचं ते जागच्या जागी उभं राहून मागायचं. तिथं घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. पण फेरी संपून नारळ फुटला की मागणं संपलं. त्यानंतर तोंड उघडलं तर ती भीक.

पुढे कोयत्यानं वाट साफ करत वाडीचा गडी लाहू, मागे हे दोघे. चिंचेखाली हरिभाऊ म्हणाले, हिला हात लावायचा नाही. विहिरीपाशी म्हणाले, शेजाऱ्यांना पाणी बंद करायचं नाही. कौलारू घर पाडायचं नाही, हेही झालं. जतीन मान डोलवत होता. मग कोपऱ्यातलं लाहूचं कुडाचं घर आलं. लग्न झाल्यापासून लाहू आणि रूपी तिथंच राहत होते, चिकू उतरवत होते. हरिभाऊ तिथं थांबले, रूपीशी हसून दोन शब्द बोलले आणि पुढे निघाले. लाहूबद्दल काय मागायचं? लाहू वाडीचाच होता. विहिरीत पाणी राहू दे, असं कुणी सांगतं का?

नारळ फुटला. हरिभाऊ पत्नी रखमाबाईंना घेऊन बोईसरला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले.

जतीननं शब्द पाळला, अगदी तंतोतंत. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यानं आपला गडी आणायचं ठरवलं आणि लाहूला जागा मोकळी करायला सांगितलं. लाहूनं फोन केला. तक्रार नव्हती, नुसती खबर होती. “शेठ, आम्ही निघतो. तलासरीकडं रूपीच्या भावाची जागा हाय.”

रखमाबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “चिंचेचं सांगितलंत, अन् त्या माणसाचं नाही?”

“अगं, तो काय परका होता?”

“परका नव्हता म्हणूनच सांगायचं होतं ना!”

ती रात्र हरिभाऊंना फार जड गेली. सावे घराण्यात नारळानंतर कुणी मागितलं नव्हतं. सकाळी त्यांनी घराण्याचा ताठा खुंटीला टांगला आणि एसटी पकडली.

जतीननं त्यांना ओटीवर बसवलं आणि सगळं ऐकून तो चकितच झाला. “काका, मला वाटलं तुमचा माणूस, तुम्ही घेऊन जाल! आमच्याकडे गडी शेठबरोबर जातो. तुम्ही काही बोलला नाही, म्हणून मी वर्षभर थांबलो. ठेवायचंय ना? ठेवू की! त्यात काय!”

इतकं सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य आपल्या तोंडून निघालं नाही, या विचारानं हरिभाऊंना स्वतःची चीड आली. तरी पाय दुखत असतानाही ते जवळजवळ धावतच कोपऱ्याकडे गेले.

वरातीमागून घोडं! कूड उतरवलेला, वासे सुतळीनं बांधलेले, टेम्पो उभा. हरिभाऊ धापा टाकत म्हणाले, “लाहू, सामान उतरव. मी बोललो जतीनशी. तू इथंच राहायचं.”

रूपी हातातली दोरी तशीच धरून नवऱ्याकडे बघत राहिली. लाहूनं गाठ मारली, मग हात पुसले.

“तुम्ही आलात, बरं वाटलं, शेठ. आज तुमच्या शब्दावर ऱ्हायलो. उद्या ह्यानं वाडी विकली, तर आमचं कोण बोलंल?”

“तोवर...” हरिभाऊ म्हणू लागले.

“तिकडं जागा लहान हाय,” लाहू म्हणाला, “पण तिथं आमचं आम्हीच बोलू.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हरिभाऊंनी पाय धरले असते, समजूत काढली असती. आयुष्यभर ज्याला आपला म्हटलं, त्याला आपण एकदाही, ‘लाहू, तुझं काय?’ असं विचारलं नव्हतं. आत्ता विचारावं असं फार वाटलं, पण उत्तर टेम्पोत भरून झालं होतं.

ते वासे चढवायला पुढे झाले. रूपीनं हलकेच त्यांचा हात बाजूला केला. “ऱ्हाऊ द्या शेठ. झालं आमचं.”