हसण्याआधी पोटावर हात

अर्धापूरला आमच्या बागेतली केळी ट्रकमध्ये भरायला एक मामा यायचे. हसू आलं की आधी डावा हात बेंबीखाली दाबायचे आणि मगच हसायचे. खोकल्याचंही तसंच. तिथं त्यांना लिंबाएवढा फुगवटा होता. धोतराच्या आत केळीच्या खोडावरच्या वाळल्या सोपटाची घडी ठेवून तो आवळून बांधायचे. ट्रक भरला की केळीच्या पानांवर उताणे पडून फुगवटा आत ढकलायचे आणि म्हणायचे, "गेलं घरला." आम्ही खो खो हसायचो.

एका दुपारी तो आत जाईना. दगडासारखा घट्ट झाला, मामांना उलट्या सुरू झाल्या. नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यात आतडं अडकलंय. बांधून भोक बुजत नसतं. ऑपरेशन करून जाळी बसवली.

ओझं उचलणं सुटलं, तरी मामा बागेत येऊन बसायचे. एकदा मी कशाला तरी हसलो आणि ते माझ्याकडं निरखून बघायला लागले.

"मालक, कव्हापासून हाय?"

"काय?"

"हात कुठं हाय बघा तुमचा."

मी हात काढून घेतला.

"मला त्या सोपटानं लई फसवलं. उद्या नांदेडला जायचं. मी येतो संगं."

आले. माझं ऑपरेशन होईस्तोवर दाराबाहेर बसून राहिले.

आता मामा लेकीकडं उमरीला असतात. माझी जखम कधीच भरली. तरी ट्रक भरताना कुणी हसवलं की माझा हात बेंबीखाली जातो, आणि नजर पानांच्या ढिगाकडं.